वेणा म्हणजे कळा? हो, कळाच!

माझ्या भाचीचं नाव वेणा. ते मी ठेवलं. आमच्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि तो मी कुणाला हिसकावू दिला नाही. पण ते नाव पाळण्यापर्यंत पोचायच्या आधी सांगलीतल्या त्या दोन खोल्यांत जे ऐकलं, ते लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही. त्या दिवशी जी अक्कल पाजळली गेली ती आमच्या एका घराची नव्हती. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत, कृष्णेच्या दोन्ही काठांवर, ती घरोघरी पाजळली जाते.

नाव भावानं आणि भावजयीनं ठरवलेलं. भावजय मिरजेची. संत वेणाबाईंचा मठ ज्या गावात आहे त्या गावात लहानाची मोठी झालेली. थोरल्या मुलीचं नाव त्यांनी मुक्ता ठेवलं तेव्हा नातेवाइकांनी नाक मुरडलं, पण चालवून घेतलं. मुक्ता हे नाव शहरात अजून खपतं. दुसरीही मुलगीच झाली, तेव्हा दोघांचा साताऱ्याला फोन आला. "ताई, वेणा. तू कानात सांगशील ना?" मी हो म्हणाले आणि तशीच पिशवी घेऊन कंदी पेढे आणायला गेले.

पेढ्यांची गोष्ट आधी सांगते, कारण रोगाची सुरुवात तिथूनच आहे. दुकानदारानं वजन करता करता विचारलं, "मुलगा ना?" म्हटलं, "मुलगी. दुसरी." त्याचा हात थांबला. "मग बर्फी देऊ का?" पेढा मुलाचा, बर्फी मुलीची, हा हिशोब तुम्हालाही माहीत आहे. ज्या साताऱ्याची ओळखच कंदी पेढा, त्या साताऱ्यात मुलीच्या जन्माला पेढा लागू नाही! मी दोन किलो पेढेच घेतले. सांगलीत डबा उघडल्यावर थोरल्या मावशीनं पहिला प्रश्न केला, "पेढे कशाला गं? दुसरी मुलगी ना?" दुकानदार अनोळखी, मावशी सख्खी, प्रश्न तोच.

नाव फुटलं ते केकमुळे. बारशाला घुगऱ्या असायच्या, आता केक असतो. केकवाल्यानं त्यावर लिहून पाठवलं 'वीणा'. आमच्या चिठ्ठीत वेलांटी चुकली असं वाटून त्यानं ती परस्पर सुधारली होती. भाऊ म्हणाला, "वीणा नाही हो, वेणा." झालं. पाळण्यात वरवंटाही ठेवला नव्हता, तोवर घर पेटलं.

पहिले सरसावले काका. वय बहात्तर, शिक्षण बरंच, आवाज सभेतला. "अरे, वेणा म्हणजे काय ते ठाऊक आहे का? बाळंतपणाच्या कळांना वेणा म्हणतात. पोरीचं नाव काय कळा ठेवणार?" पुरुषमंडळी हसली. दोन-तीन बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या, आणि त्याचा मला जास्त राग आला.

भावजय कॉटवर बसून होती. बारा दिवसांची बाळंतीण. ती आवाज न चढवता म्हणाली, "काका, मी बारा दिवसांपूर्वी सोसल्यात त्या. चौदा तास. मला त्या शब्दाची लाज वाटत नाही, तुम्हाला का वाटावी?"

खोलीत एकदम शांत झालं. बाळ तेवढं चुरचुर करत होतं.

हो, वेणा म्हणजे कळा. नदीचंही ते नाव आहे, महाबळेश्वरात उगवणारी वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते, आणि वेण्णा लेकवर नाव वल्हवत फोटो काढताना कुणालाही बाळंतपण आठवत नाही. पण मी नदीच्या आडोशाला जाणार नाही. कळा तर कळा. आमच्या व्यासपीठांवर दर पंधरा दिवसांनी कुणीतरी 'नव्या युगाच्या प्रसववेदना' सांगतो आणि टाळ्या घेतो. युगाला कळा आल्या की ते वाङ्मय, बाईला आल्या की ते ओंगळ! काका स्वतः ज्या वेणांतून या जगात आले त्या त्यांच्या आईनं बहुधा माजघराच्या अंधारात, दात आवळून, बिनभुलीच्या सोसल्या असतील. त्या शब्दावर हसायचा अधिकार त्यांना कुणी दिला?

कळांवरून माघार घेतल्यावर दुसरा मुद्दा आला. "म्हातारीचं नाव आहे ते. आजकाल कोण ठेवतं?" पुन्हा काकाच. आता गंमत अशी की काकांचं नाव ज्ञानदेव. माउलींनी आळंदीला समाधी घेतली १२९६ मध्ये. वेणाबाई सतराव्या शतकातल्या, समर्थ रामदासांच्या शिष्या. काकांचं नाव वेणाच्या नावाहून पावणेचारशे वर्षांनी म्हातारं आहे आणि तेच काका वेणाला जुनाट म्हणतात! आमच्याच नात्यात एक तुकाराम आहेत, दोन नामदेव आहेत, एक निवृत्ती आहेत. सातारा जिल्ह्यातल्या दरे गावचे एकनाथ शिंदे २०२२ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले. 'एकनाथ हे काय नाव, जुनाट' असं एक तरी माणूस म्हणाला का? पुरुषाला संताचं नाव असलं की घराण्याला वजन येतं. बाईला असलं की ती म्हातारी, नाहीतर भांडी घासणारी. 'जनाबाई' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी कामवाली येते, गंगाखेडची कवयित्री नंतर, आणि कित्येकांच्या डोळ्यांसमोर ती येतच नाही. नाव जुनं झालेलं नाही. त्या नावाच्या बाईची किंमत आपण उतरवून ठेवली आहे.

मग मंडळींनी नवं नाव सुचवलं. कियारा.

हे नाव कुठून आलं? सिनेमातून. २०१० च्या 'अनजाना अनजानी'त प्रियांका चोप्राच्या पात्राचं ते नाव. आलिया अडवाणी या मुलीनं तिथून ते उचललं, ती कियारा अडवाणी झाली, आणि आता गल्लीत हाक मारली तर तीन कियारा धावत येतात. तिच्या आधी काय? इटालियन 'क्यारा'. म्हणजे असिसीची संत क्लेअर. ११९४ चा जन्म, बड्या घरची लेक. लग्नाचा आग्रह झुगारून १२१२ मध्ये ती रात्रीची घराबाहेर पडली, फ्रान्सिसनं तिचे केस कापले, पुढं तिनं जोगिणींचा पंथ उभा केला आणि १२५५ मध्ये पोपनं तिला संत जाहीर केलं. कुणी म्हणेल, छे, ते नाव आयर्लंडचं, 'किएरा'. असू दे. तिथंही त्या नावाची सातव्या शतकातली संतच आहे.

म्हणजे बघा काय केलंत. मिरजेची संत जुनाट म्हणून टाळली आणि तिच्याहून चारशे वर्षं जुनी इटलीची जोगीण पाळण्यात घातली. संताचं नाव तुम्हाला चालतं, जुनं नाव चालतं, घर सोडून गेलेल्या बाईचंही चालतं. चालत नाही ती एवढीच गोष्ट की ती बाई आपल्या भाषेत बोलत होती आणि आपल्या गावात राहत होती. याला आधुनिकपणा म्हणायचं? मला तर याच्यात घरच्या माणसाला ओळख न दाखवण्याचा जुना कोतेपणा दिसतो. क्लेअरबद्दल माझ्या मनात आदरच आहे. धाडसाची बाई होती. तिला मानणाऱ्यांनी तिचं नाव जाणून ठेवलं तर उत्तम. पण मावशीला मी विचारलं, कियारा म्हणजे काय? मोबाइलवर बघून ती म्हणाली, "संस्कृत आहे. अर्थ छान आहे." संस्कृत! त्या मोबाइलमध्ये मायराही संस्कृत आहे. ते नाव फुल्क ग्रेव्हिल नावाच्या एका इंग्रज कवीनं आपल्या कवितांसाठी घडवलेलं.

पत्रिकेचं प्रकरण याहून बहारीचं. मुलगी मृग नक्षत्राच्या पहिल्या चरणावर जन्मलेली. मृगाची अक्षरं वे, वो, का, की. पहिला चरण, अक्षर 'वे'. गुरुजींनी कागदावर लिहून दिलेलं होतं. म्हणजे ज्यांचा पत्रिकेवर विश्वास त्यांच्या शास्त्राप्रमाणेही वेणा हे नाव बिनचूक बसत होतं. तर एका आतेभावानं तोडगा काढला, "मृगाचा चौथा चरण धरला तर 'की' येतो. मग कियारा बसतंय." नक्षत्राचा एक चरण साधारण सहा तासांचा. पहिल्यावरून चौथ्यावर जायचं तर पोरीचा जन्म अर्धा-पाऊण दिवस पुढं ढकलायचा. आईच्या चौदा तासांच्या कळांत आणखी बारा-अठरा तासांची भर, कशासाठी, तर सिनेमातलं नाव बसावं म्हणून! पत्रिका खरी मानता तर 'वे' घ्या. खोटी मानता तर गुरुजींना कशाला बोलावलंत? दोन्ही दगडांवर पाय ठेवून वर आम्हाला परंपरा शिकवायची, हे मी चालवून घेणार नव्हते आणि तसं मी तोंडावर सांगितलं.

एका बाईनं इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी दोन 'ए' घालायला सांगितलं, आकडा सुधारतो म्हणून. तिच्यावर मी शब्द खर्च करत नाही.

पण मावशी पुढं जे म्हणाली त्यावर शब्द खर्च करायलाच हवेत. आवाज बारीक करून, बाळाकडं बघत ती म्हणाली, "अगं, ती विधवा होती. लहानपणीच गेला तिचा नवरा. अशा बाईचं नाव लेकराला लावू नये."

वेणाबाई कोण, ते ऐका. कोल्हापूरचं माहेर, मिरजेचं सासर, कळत्या वयाच्या आत वैधव्य. तुळशीपाशी एकनाथी भागवत वाचत बसलेल्या असताना समर्थांची गाठ पडली आणि त्यांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले, असं संप्रदायात सांगतात. लोक बोलायला लागले. बालविधवा मुलगी गोसाव्याचं कीर्तन ऐकायला जाते, म्हणजे काहीतरी असणारच! त्या बोलण्यापायी घरच्यांनीच तिला विष दिलं आणि ती त्यातून वाचली, अशीही कथा आहे. कथा म्हणून सोडून द्या हवं तर. पण ज्या मातीत ती कथा उगवली ती माती खोटी नाही. पुढं ही बाई उभं राहून कीर्तन करू लागली, मिरजेचा मठ तिनं चालवला, 'सीतास्वयंवर' लिहिलं, १६७८ मध्ये सज्जनगडावर देह ठेवला. तिची समाधी आजही गडावर आहे. संप्रदाय तिला वेणास्वामी म्हणतो. स्वामी! सतराव्या शतकातल्या विधवेला.

'सीतास्वयंवर' या एका गोष्टीपाशी मी दर वेळी अडते. जिला लग्नघरात पुढं येऊ देत नव्हते, हळदीकुंकवाला बोलावत नव्हते, जिचं तोंड सकाळी दिसलं तर अपशकुन मानत होते, त्या बाईनं लिहायला घेतलं ते सीतेचं लग्न. मांडवाबाहेर ठेवलेल्या बाईनं सबंध मांडव शब्दांत उभारला. आणि आज सांगलीतल्या एका बारशात तिला पुन्हा मांडवाबाहेर काढायला निघालेत, साडेतीनशे वर्षांनी, त्याच कारणासाठी!

सीता नाव ठेवू नये, वनवास येतो, हे तुम्ही ऐकलेलं असणार. वनवास रामालाही होता. चौदा वर्षं. पण राम, श्रीराम, रामचंद्र, सीताराम नावांची माणसं ढिगानं आहेत आणि त्यांच्या आयांना कुणी वनवासाची भीती घातलेली नाही. अशुभ चिकटतं ते फक्त बाईच्या नावाला. तुमची ही शुभाशुभाची चाळणी मी नीट लावून पाहिली आहे. तिच्यातून आमची एकही संत कवयित्री खाली पडत नाही. मुक्ताबाई? वाळीत टाकलेल्या आईबापांची लेक, पोरकी. जनाबाई? परक्या घरची दासी. सोयराबाई आणि निर्मळा? चोखोबांची बायको आणि बहीण, देवळाच्या पायरीबाहेरच्या. कान्होपात्रा? मंगळवेढ्याची, गणिकेची मुलगी. वेणाबाई? विधवा. समाजानं ज्या ज्या कारणानं बाईला नकोशी ठरवलं, त्या प्रत्येक कारणाची एक बाई या यादीत आहे. आणि त्यांनीच मराठी भाषा श्रीमंत केली. त्यांची नावं अशुभ म्हणणाऱ्याला शुभ कशाला म्हणतात ते कधी कळलेलंच नाही.

नकोशी हा शब्द मी मुद्दाम वापरला.

त्या बारशातली शेवटची सूचना अशी होती, "तृप्ती ठेवा. दोन झाल्या ना? तृप्ती ठेवलं की पुढचा मुलगा होतो म्हणतात." सुचवणारी बाई पदवीधर, नोकरीवाली, नीटनेटकी. तिला हे बोलताना काहीच वाटलं नाही. तृप्ती या शब्दाचा अर्थ तिच्या लेखी एवढाच, मुली पुरे. साखरेत घोळवलेली नकुसा!

हे नाव मी साताऱ्याची असून विसरू कशी? २२ ऑक्टोबर २०११ ला सातारा जिल्हा परिषदेनं एक कार्यक्रम घेतला. २८५ मुली. वेण्या घातलेल्या, ठेवणीतले कपडे घातलेल्या, रांगेत उभ्या. प्रत्येकीच्या हातात फुलांचा गुच्छ आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र. कारण त्यांची जुनी नावं होती नकुसा, नकोशी. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. माझ्या जिल्ह्यात, एकविसाव्या शतकात, आईबापांनी पोटच्या पोरीचं नाव 'नको' असं ठेवलं होतं, ग्रामपंचायतीत ते लिहिलं होतं, शाळेत गुरुजी रोज त्या नावानं हजेरी घेत होते आणि ती पोर 'हजर' म्हणत होती. नको? हजर. नको? हजर. वर्षानुवर्षं.

आता मला सांगा, 'शाळेत चिडवतील हो' असं म्हणणारी मंडळी तेव्हा कुठं होती? वेणा नावावरून पोरीला चिडवतील ही काळजी आज ज्यांना लागली आहे, त्यांच्यापैकी एकानंही आपल्या वाडीतल्या नकुसाच्या बापाला कधी हटकलं होतं का? आमच्या गावाकडं आळीत एक नकुसा होती. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिला सगळे त्याच नावानं हाक मारत, मीसुद्धा. त्या नावाचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला तेव्हा मी सातवीत होते, आणि मग तिला हाक मारायची वेळ आली की माझ्या घशात अडकायचं. काका, मावशी, घरची सगळी मोठी माणसं मात्र ते नाव बिनदिक्कत उच्चारत. त्यांना ते नाव कधी विचित्र वाटलं नाही. वेणा वाटतं!

कुणी म्हणेल, मुलग्यांनाही अशी नावं असतात की. असतात. दगडू, धोंडू, भिकू, केरू. पण ती का ठेवतात? आधीची मुलं दगावलेली असतात. हा तरी जगावा, काळाची नजर त्याच्यावरून घसरावी म्हणून त्याला दगड म्हणायचं. तो हवा असतो म्हणून त्याला वाईट नाव. नकुसाला वाईट नाव, कारण ती नको असते आणि तिच्या पाठची तर नकोच असते. दोन्ही नावं कुरूप, पण एक नवस आहे आणि दुसरी शिवी. यांना एका पारड्यात घालणाऱ्याशी मला बोलायचं नाही.

२०११ च्या जनगणनेत सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं नऊशेही मुली नव्हत्या. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण पुरलेले सापडले. वेणाबाईंच्या मठाच्या तालुक्यात. त्या एकोणिसांना नाव ठेवायची वेळच आली नाही. अशा जिल्ह्यांत मुलीचं नाव ठेवणं ही घरगुती हौस उरत नाही. ते नाव जाहीर सांगणं असतं, ही आम्हाला हवी होती म्हणून. आणि ते सांगायला मला उधार नाव नको.

हौस म्हटल्यावर हौसाबाई आठवल्या. क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक, सांगली जिल्ह्यातली, प्रतिसरकारच्या तुफान सेनेबरोबर काम केलेली. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी नवराबायकोच्या भांडणाचं सोंग आणलं, मार खाल्ला, पोलीस सोडवायला बाहेर आले आणि सोबत्यांनी आतल्या बंदुका पळवल्या. २०२१ मध्ये, पंचाण्णव वर्षांच्या होऊन त्या गेल्या. हौसा. हौसेनं ठेवलेलं नाव. नकुसाच्या बरोबर उलटं नाव याच मातीत, याच बोलीत तयार होतं. इटलीला जावं लागलं नसतं. नायगावच्या सावित्रीबाई याच सातारा जिल्ह्यातल्या, आणि त्या २८५ मुलींपैकी काहींनी स्वतःसाठी सावित्री निवडलं ते उगाच नाही. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावली. तिचं नाव जुनं म्हणून तिचे पाय अडखळले नाहीत.

आणि ज्या नावावर एवढं भांडलात ते मुलीकडं टिकू तरी देता का? माझ्या आजीचं माहेरचं नाव जना. लग्नात ताटात तांदूळ पसरून आजोबांनी अंगठीनं 'सुशीला' लिहिलं आणि त्या दिवसापासून जना संपली. रेशनकार्डावर सुशीला, मतदारयादीत सुशीला. पण माहेराहून आणलेल्या तांब्याच्या कळशीवर ठिपक्या-ठिपक्यांनी 'जना' कोरलेलं होतं. ती कळशी आजी दुसऱ्या कुणाला घासू देत नसे. चिंच लावायची ती नेमकी त्या दोन अक्षरांवर, अंगठ्यानं, सावकाश. तिचा भाऊ वर्षाकाठी एकदा यायचा आणि दारातूनच "जने!" म्हणायचा. तेव्हा ती ज्या चालीनं बाहेर यायची ती चाल आम्ही एरवी कधी पाहिली नाही. ती कळशी आता माझ्याकडं आहे. बारशाच्या दिवशी मी ती सांगलीला नेली होती आणि त्यातलंच पाणी पाळण्याशेजारी ठेवलं होतं.

शेवटी मी काय केलं? वाद घालून कुणाचं मन वळवलं नाही. मन वळवायला मी गेलेच नव्हते. बाळाला पाळण्याच्या वरून-खालून देताना बायका गोविंद आणि गोपाळच म्हणत होत्या, मुलीच्या बारशालाही. मी म्हटलं, थांबा, आज कुणी मुक्ता घ्या, कुणी जना घ्या. दोघी-तिघींनी माझ्यामागून म्हटलं. मावशी गप्प राहिली. मग मी वाकले, मुलींनी पाठीत धपाटे घातले, आणि मी कुर्र करून तिच्या कानात नाव सांगितलं. तीन वेळा. काका बाहेर निघून गेले होते. पेढा मात्र त्यांनी घेतला होता.

जन्मदाखल्यावर नाव बरोबर आलं आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारनं कागदोपत्री आईचं नाव सक्तीचं केलं, त्यामुळं आधी वेणा, मग तिच्या आईचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. चौदा तास सोसणारीचं नाव तिच्या शेजारीच आहे.

आता तुमच्याशी दोन शब्द. तुमच्या घरी पाळणा हलणार असेल आणि मनात मुक्ता असेल, जना असेल, सोयरा, निर्मळा, बहिणा, वेणा, अक्का, हौसा असेल, तर ठेवा. नातेवाइकांना विचारू नका. आत्या असाल तर कानात आधी सांगून टाका, चर्चा मागाहून होऊ दे. आणि ण चा उच्चार पोरीला पहिल्यापासून नीट शिकवा. इंग्रजी शाळेतून पाण्याला 'पानी' म्हणत पोरं घरी यायला लागली आहेत. आमची मुक्ता सहा वर्षांची आहे. कुणी 'वेना' म्हटलं की ती त्याला जागेवर थांबवते आणि सांगते, बाणातला ण.